सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे – भोर, मांढरदेवी, वाई (जुन्या गाड्यांची राइड)

टेललॅम्प

दसऱ्यानंतरच्या रविवारची राइड झाली. फोटो सगळ्यांना मिळालेच आहेत, वृत्तांत राहिला होता. आधीच सांगून ठेवतो, निसर्गवर्णन कमी आहे. रांगेवरून जी धुसफूस चालू आहे ती इथेच मोकळी करा, पुढच्या राइडला सकाळी सकाळी कात्रजच्या चहावर नको.

गाड्या वीसेक. साठच्या दशकातल्या दोन जावा, येझदींचा गोतावळा (रोडकिंग जास्त, एक सीएल टू), उजव्या पायात गिअर असलेल्या कास्ट आयर्न बुलेट, दोन-तीन आरएक्स १००, एक आरडी ३५० जिला मालक कुणाला हात लावू देत नाही, आणि एक राजदूत १७५. ऐनवेळी एक चेतकही आली. स्कूटर चालेल का यावर मतं घ्यायला वेळ नव्हता, माणूस हेल्मेट घालून तयार उभा होता.

बऱ्याच गाड्यांवर दसऱ्याचे झेंडू तसेच होते. हार काढून या असं मेसेजमध्ये लिहिलं होतं, पण पूजेचा हार सुकायच्या आत कोण काढतो? कात्रजच्या जुन्या घाटात एका बुलेटच्या कॅरिअरला बांधलेला हार सुटला आणि दोरा मागच्या चेनमध्ये गेला. जावा-येझदीची चेन अख्खी पेटीत बंद, त्यामुळे त्यांचे मालक उपदेशाला लगेच हजर. दोरा स्प्रॉकेटच्या दात्यांमागे असा आवळला होता की पकडीने एकेक पीळ ओढून काढावा लागला. हात ग्रीसने काळे, त्यावर चिकटलेल्या केशरी पाकळ्या. फोटोत जे हात दिसतायत ते माझे.

आता रांग. यंदा ठरवून राजदूत सगळ्यात पुढे ठेवली. तिच्या मागे जावा, मग येझदी, चेतक, मग आरएक्स, शेवटी बुलेट आणि अगदी मागे मी, हत्यारांची पिशवी घेऊन. कारण साधं आहे. आजवर पुढे जोरदार गाडी असायची, ती साठ-सत्तरने जायची, मागचा राजदूतवाला तिला गाठायला गाडी पिळायचा आणि चहाच्या ठिकाणी पोचेपर्यंत बाकीचे चहा पिऊन उठलेले असायचे. म्हणजे ज्या गाडीला विश्रांतीची जास्त गरज तिलाच ती सगळ्यात कमी. राजदूतचं सुख पन्नासच्या आत आहे. ती पुढे असली की पन्नास हाच सगळ्यांचा वेग, कुणाला काही सांगावं लागत नाही.

शिंदेवाडीपासून कापूरहोळपर्यंतचा हायवे हा या राइडमधला सगळ्यात वाईट तुकडा, तो मुकाट्याने काढायचा. कापूरहोळला उजवीकडे वळलं की भोरचा रस्ता आणि तिथून मजा. भात पिवळं पडायला लागलं होतं, काही खाचरांत कापणीही सुरू झालेली. भाटघरचं पाणी दिसेपर्यंत कुणी कुणाला ओव्हरटेक केलं नाही. भोरमध्ये पेट्रोल, त्यात मिसळायचं टूटी ऑइल, आणि मग मांढरदेवीचा घाट.

चढ सगळ्यांनी काढला. हळू काढला, पण काढला. वर पिठलं-भाकरी झाली. उतार सोनकीने पिवळे झाले होते. एवढंच निसर्गवर्णन, संपलं.

वाईकडे उतरताना मात्र एक रोडकिंग मध्येच जड झाली. चालवणाऱ्याने क्षणात क्लच दाबला म्हणून मागचं चाक अडकलं नाही, नाहीतर त्या वळणावर काय झालं असतं ते सांगायला नको. गाडी कडेला घेतली, गार होऊ दिली, किक सैल लागली, सुरू झाली, आणि वाईपर्यंत चाळीसने आली. तिथून पुढे टेंपोने.

मेणवलीला घाट आणि घंटा पाहून सुरूरमार्गे परत. खंबाटकीच्या बोगद्यात प्रत्येक सहा व्होल्टच्या गाडीमागे एक बारा व्होल्टची गाडी लावली होती. जुन्या जावाचा मागचा दिवा बोगद्यात समईइतकाच, ट्रकवाल्याला तो दिसेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. बोगद्यातून बाहेर आल्यावरच्या त्या बदनाम वळणावर सगळे एका रांगेत, ताशी चाळीस. अंधार पडायच्या आत सगळे घरी.

माझं म्हणणं एवढंच की पुढच्या राइडलाही हीच रांग. बोला.

कास्टआयर्न

बोलतो की. राइड झकास झाली, पिठलं तर एक नंबर. पण घाटात राजदूतच्या मागं बुलेट चालवणं ही शिक्षा आहे राव. दुसऱ्यात टाकली तर दणके देतीय, पहिल्यात टाकली तर तापतीय. वर पोचेस्तोवर हेड असलं गरम झालं होतं की पँट चटकली. वर नेऊन बंद केली, आणि नंतर गरम इंजिनावर किक बसंना. अँमीटरचा काटा मधे आणा, डीकॉम्प्रेसर दाबा, पायाखालून हळूच सोडा, मग मारा. सगळं शास्त्र करून झालं. तोवर तुमची राजदूत पोरं पिठलं ओरपत होती.

माझं मत, रस्ता ज्याला पाठ आहे तो पुढं असावा. आम्ही सातारकर हा घाट डोळे झाकून चढतो. आणि बुलेटवाल्यांचा वेगळा जथा करा. दहा मिनिटं आधी सोडा नाहीतर दहा मिनिटं नंतर, आम्हाला फरक पडत नाही.

धूरकांडी

+१. आरएक्सची पण तीच रड. पन्नासच्या खाली सारखी चालवली की प्लग काळा पडतो. भोरपर्यंत माझी गाडी कण्हायला लागली होती. भोरला प्लग काढला तर ओला, काळा, तेलकट. खिशात दुसरा होता म्हणून बरं.

आणि टेललॅम्पकाका, रागावू नका, पण वेगाने जाणाऱ्याला हुल्लडबाज समजायचं बंद करा. ही गाडी ९८ सीसीची आहे आणि तिला वर फिरायलाच बनवलंय.

म्हैसूरकर

चढाबद्दल कास्टआयर्न आणि धूरकांडी दोघांचं बरोबर आहे. उताराबद्दल मात्र कुणीच बोललं नाही, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. जरा लांब लिहितो.

टू-स्ट्रोकला, म्हणजे बुलेट सोडून आपल्या बाकी गाड्यांना, चार-स्ट्रोकसारखं इंजिन ऑइल नसतं. गिअरबॉक्सचं तेल वेगळं, त्याचा पिस्टनशी संबंध नाही. पिस्टन, रिंगा, क्रँकचे बेअरिंग यांना जे काही तेल मिळतं ते पेट्रोलबरोबर आत येणारं. उतारावर आपण काय करतो? थ्रॉटल पूर्ण बंद, गाडी तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात, आणि चाक इंजिनाला फिरवतंय. इंजिनाचे फेरे भरपूर, पेट्रोल जवळपास बंद, म्हणजे तेलही बंद. वर त्याच इंजिनाने नुकताच घाट चढलेला, सिलिंडर तापलेला. अशा वेळी पिस्टन चिकटला तर नवल नाही. आरएक्स आणि आरडीला तेलाची टाकी आणि पंप वेगळा, त्यामुळे त्यांची अवस्था जरा बरी, पण तो पंपही थ्रॉटलच्या वायरीला बांधलेला आहे. फार निर्धास्त राहू नये.

आमच्या काळी मिस्त्री एकच गोष्ट सांगायचे: उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटल द्यायचा, इंजिनाला घोट पाजायचा. जावा-येझदीवाल्यांचा हात हे आपोआप करतो. बुलेटवाल्याला ते कळत नाही, कळायचं कारणही नाही. त्याच्या इंजिनात तेल पंपाने फिरतंय, तो बिनधास्त इंजिनावर गाडी रोखत उतरतो, आणि तेच त्याच्यासाठी बरोबर आहे. ड्रम ब्रेक सतत दाबून तापवण्यापेक्षा कितीतरी बरं.

म्हणजे एकाच उतारावर दोन प्रकारच्या गाड्या दोन वेगळ्या चालींनी उतरतात. टू-स्ट्रोकवाला मध्येच क्लच दाबतो, गाडी जराशी सुटते, मग पुन्हा ब्रेक. मागे बुलेट एका लयीत येतेय. दोघं एकमेकांत मिसळले की कुणीतरी कुणाच्या चाकात जाणार. त्यामुळे चढाला रांग कशीही लावा, पण घाटमाथ्यावर थांबून उतारासाठी ती नव्याने लावा. आधी सगळ्या टू-स्ट्रोक, मग मोकळं अंतर, मग बुलेट.

आता त्या रोडकिंगबद्दल. ती पावसाळाभर उभी होती असं ऐकलं. टाकीत पेट्रोल जुनंच होतं का?

रोडकिंग८७

हो, अर्धी टाकी जुनी, त्यावर नवं घातलं.

हेड उघडलं. प्लग पांढरा फटक. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला तीन-चार उभ्या रेघा, ॲल्युमिनियम सिलिंडरला पुसलं गेलेलं. वरची रिंग एका जागी चिकटलेली. बोअर वाचला. मिस्त्रीने पॉलिश पेपरने रेघा उतरवल्या, रिंगा नव्या टाकल्या. पिस्टन तोच.

म्हैसूरकर

पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक जास्त तापतं. मेन जेट एक नंबर मोठा टाका आणि प्लगचा रंग पाहत राहा. चहासारखा तपकिरी आला की थांबा.

दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी म्हणजे वर सगळी दमट हवा. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर बसतो, त्यात टूटी ऑइल धड मिसळत नाही, आणि आपला पेट्रोलचा कॉक नेमका तळालाच. गाडी सुरू होतानाच उपाशी होते.

उभी करायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा नाहीतर काठोकाठ भरा. कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालू ठेवा. ऑइल लिटरला तीस ते चाळीस मिली. घाटाच्या दिवशी चाळीसच्या बाजूला राहा. धूर होईल, होऊ दे.

स्टेपनी

चेतकवाला मीच. फोटोंमध्ये माझी गाडी प्रत्येक वेळी कडेने अर्धी कापलेली आहे हे माझ्या लक्षात आलंय. असो.

एक खुलासा. भोरला मी गाडी आडवी करून मग किक मारली तेव्हा आरडीवाले दादा हसत होते. हसू नका. ही गाडी कलती केल्याशिवाय सुरू होत नाही, हे तुमच्या घरातल्या कुणालाही विचारा. तुमच्याही घरी होतीच. संपूर्ण राइडमध्ये पंक्चर काढायला दहा मिनिटांच्या आत चाक बदलून मोकळी झालेली एकमेव गाडी माझी, कारण स्टेपनी. बुलेटवाल्यांनी पंक्चर कसं काढलं ते मी इथे लिहीत नाही.

रांगेबद्दल: मी मध्ये होतो. पुढे येझदीचा धूर, मागे आरएक्सचा हॉर्न. मला सगळ्यात मागे टाका.

टेललॅम्प

@स्टेपनी मागे मी आहे. माझ्यामागे गेलात तर राहिलात कुठे हे कळायचं नाही.

कृष्णाकाठची

मी वाईची. क्लबात नाही, पण वडिलांची जावा आमच्या घरी आहे, खिळ्यासारख्या किल्लीवाली. त्यामुळे तुमचा आवाज ऐकून गच्चीवर आले होते.

एक तक्रार आहे, रागाने नाही पण करते. गावात शिरताना पाच-सहा गाड्यांनी मुद्दाम थ्रॉटल पिळून आवाज काढला. रविवारची दुपार होती, लोक झोपलेले असतात. इकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या गर्दीने आधीच जीव मेटाकुटीला आलेला असतो. तुमच्या गाड्या सुंदर आहेत, त्यांना आवाज करून दाखवायची गरज नाही. मेणवलीला तर दोघांनी गाडी पार पायऱ्यांच्या तोंडापर्यंत आणली. तो नाना फडणवीसांचा घाट आहे, तिथे आजही लोक पूजेला, धुण्याला, दशक्रियेला येतात. गाड्या वाड्याच्या बाहेर लावायच्या आणि चालत जायचं. दोन मिनिटं लागतात.

आणि घंटेबद्दल कुणीतरी मोठमोठ्याने "इंग्रजांची घंटा" म्हणून सांगत होतं. ती वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज चर्चची घंटा आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हाची.

पुढच्या वेळी याल तर पौषातल्या शाकंभरी पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीचा रस्ता धरू नका. काळूबाईची यात्रा असते, माणसांनाच चालायला जागा नसते.

टेललॅम्प

@कृष्णाकाठची तक्रार रास्त. कोणी आवाज काढला ते ठाऊक आहे, त्यांनी इथे वाचलं असेलच. पायऱ्यांजवळ गाडी नेणाऱ्यांना पुढच्या राइडला वाड्याबाहेर राखणीला बसवू.

धूरकांडी

आवाज आमचा नव्हता. आरएक्स तसाच आवाज करते.

कृष्णाकाठची

@धूरकांडी गावातून साठने गेलात तर करते. तीसने गेलात तर नाही करत. आमच्या आळीत एक आहे, मला माहीत आहे.

कास्टआयर्न

ताईंनी बरोबर धरला त्याला.

म्हैसूरकरकाका, उताराचं पटलं. इतकी वर्षं जावावाल्यांना उतारावर सारखा घुर्र घुर्र करताना बघून मला वाटायचं नखरे करतायत. आता कळलं घोट पाजतायत. पण चढाचं काय? तिथं तर मला पुढं सोडा.

म्हैसूरकर

चढाला बुलेट पुढे, उताराला मागे. माझी हरकत नाही. फक्त घाटमाथ्यावर पोचल्यावर उतारासाठी थांबायचं, परस्पर खाली निघून जायचं नाही.

नवखा२९३

नमस्कार, नवीन आहे. माझ्याकडे पिथमपूरच्या कारखान्यातली नवी जावा आहे, २०१९ ची. मला राइडला येता येईल का? टँकवर नाव तेच आहे :)

स्टेपनी

चेतकला घेतात, तुम्हाला नक्की घेतील.

रोडकिंग८७

माझा विरोध आहे. चार-स्ट्रोक, रेडिएटरवाली, सेल्फ स्टार्ट. नाव एक असलं म्हणून काय झालं. उद्या कुणी इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन येईल, तिच्यावरही चेतक लिहिलेलं असतं.

म्हैसूरकर

जावा-येझदीचा मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी गाड्या भंगारात घातल्या ते आठवा. तेव्हा कुणाला अभिमान नव्हता. नवीन नावामुळे दोन पोरं जुन्या गाडीकडे वळली तर बिघडलं कुठे? पण अट घालू. नव्या गाडीने यायचं ते कामाला. बारा व्होल्टचा चांगला दिवा, चांगले ब्रेक, भरवशाची गाडी. बोगद्यात जुन्या जावाच्या मागे राहायचं, आणि कुणाची गाडी बंद पडली तर मिस्त्री आणायला जायचं.

नवखा२९३

मंजूर. हे तर मला आवडेलच.

रोडकिंग८७

मग माझाही विरोध मागे. पण फोटोत पुढे उभं राहायचं नाही.

चौकशीकर

थोडं विषयाबाहेर. आजोबांची १९६८ ची जावा आहे, नंबर जुना तीन अक्षरी, पासिंग कधीचंच संपलंय. राइडला आणायची तर कुठल्या कागदांनी? व्हिंटेजमध्ये नोंदवायची म्हणतात, ते करावं का?

आरसीबुक

दोन वाटा आहेत, नीट विचार करून निवडा.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेजची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी त्यात बसते. तुमची बसेल. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. नव्याने नंबर मिळाला तर त्यात व्हीए अक्षरं येतात. आधीच नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, म्हणून आजोबांचा नंबर जाईल अशी भीती बाळगू नका. पण मेख अशी की व्हिंटेज नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, आणि त्यासाठी पेट्रोल भरणं-दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. मंडईत भाजी आणायला नाही.

दुसरी वाट नेहमीची. पुनर्नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर, आणि दर पाच वर्षांनी तेच. खटपट जास्त, पण गाडी हवी तेव्हा हवी तिथे नेता येते. मी माझ्या गाडीला हीच निवडली. गाडी चालत नसेल तर ती गाडी कसली?

रोडकिंगवाल्यांनी व्हिंटेजचा विचार एवढ्यात करू नये. ती १९७८ नंतरची, पन्नाशी व्हायची आहे.

चौकशीकर

धन्यवाद! आणि पुढच्या मडगार्डवरची ती उभी कडेची नंबरपाटी? नव्या सुरक्षा पाटीचं काय करायचं?

आरसीबुक

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते, त्यात आपणही आलो. पुढची पाटी मडगार्डच्या कण्यावर बसत नाही. आम्ही फोर्कच्या खालच्या क्लँपला पत्र्याचा वेगळा ब्रॅकेट करून तिथे लावली. मडगार्डला भोकं पाडू नका, मूळ पत्रा परत मिळत नाही. जुनी पाटी काढून घरात जपून ठेवा.

कोव्हेंट्रीकर

इकडून वाचतोय. मूळचा कराडचा, सध्या कोव्हेंट्रीत. इकडे व्हिंटेज मोटारसायकलवाल्यांची बॅनबरी रन असते, १९३१ पूर्वीच्या गाड्यांची, जून महिन्यात. पाहायला गेलो होतो. पट्ट्यावर चालणाऱ्या, गिअर नसलेल्या गाड्यासुद्धा येतात. तिथे सगळे एका रांगेत जातच नाहीत. थोड्या थोड्या गाड्या अंतर ठेवून सोडतात, आणि गाडीच्या ताकदीप्रमाणे मार्गही कमी-जास्त लांबीचे. सनरायझिंग हिल म्हणून एक चढ आहे, तो ज्याला झेपेल त्यानेच घ्यायचा. काही गाड्यांना लोक चालत चालत ढकलून वर नेतात, आणि प्रेक्षक टाळ्या त्यांनाच जास्त देतात.

आपल्याकडे हे जमेल का माहीत नाही. आपल्याला सगळे एकत्र दिसायला हवेत, नाहीतर राइड झाल्यासारखं वाटत नाही :)

कास्टआयर्न

ढकलत नेणाऱ्याला टाळ्या? मग आमचा आरडीवाला तिथं हिरो झाला असता.

टेललॅम्प

सगळे एकत्र दिसायला हवेत हे खरं. पण अंतर ठेवून सोडण्याची कल्पना हायवेच्या तुकड्यासाठी चांगली आहे. वीस गाड्यांची रांग शिंदेवाडीला ट्रकवाल्यांना त्रास देते आणि ट्रक आपल्याला. तिथे पाच-पाचच्या टोळ्या करू, कापूरहोळच्या फाट्यावर जमू.

तर पुढच्या राइडसाठी माझ्याकडून असं. सपाटीला राजदूत पुढे, हे बदलत नाही. धूरकांडी आणि मंडळींचा प्लग काळा पडतो, म्हणून भोर रस्त्याला आरएक्सवाल्यांनी मध्येच एकदा पुढे जाऊन मोकळं व्हायचं आणि पुढच्या गावाआधी थांबायचं. गावात नाही. चढाला बुलेट पुढे. घाटमाथ्यावर सक्तीचा थांबा, तिथे रांग नव्याने, टू-स्ट्रोक आधी. आणि फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. मागचा दिसत नसेल तर तुम्ही थांबलेले दिसायला हवेत, एवढं पाळलं की माझं काम निम्मं होतं.

वरंधचं बरेच जण विचारतायत. पावसाळ्यात तो घाट बंद ठेवतात, दरडींचं काही सांगता येत नाही. रस्ता रीतसर सुरू असल्याची खात्री झाली तरच डिसेंबरात. नाहीतर जुन्नरकडे जाऊ.

धूरकांडी

मोकळं व्हायची परवानगी लेखी मिळाली. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

म्हैसूरकर

हत्यारांच्या पिशवीत दोन कंडेन्सर, पॉइंटचा एक संच, क्लच आणि थ्रॉटलची वायर, मास्टर लिंक एवढं माझ्याकडून. प्लग ज्याचे त्याने आणायचे.

रोडकिंग८७

मेन जेट मोठा टाकला. काल सिंहगड पायथ्यापर्यंत नेऊन आणली. प्लग अजून जरा फिकट आहे.

म्हैसूरकर

आणखी एक नंबर वाढव. आणि नवीन रिंगा आहेत, निदान पाचशे किलोमीटर पिळू नकोस.

स्टेपनी

डिसेंबरात चेतक येणार. यावेळी फोटो अख्खा काढा.